आमची वाटचाल : टूलच्या वर्णनाचा धंदा, जळगावातून

सुरुवातीची वर्षं दुकानांचं बिलिंग आणि वेबसाइट यांत गेली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एआय मॉडेलला बाहेरची टूल जोडायची सामाईक पद्धत) जाहीर झाला आणि आमच्या कामाला खरं वळण लागलं. टूल म्हणजे मॉडेलला हाक मारून चालवता येणारा छोटा प्रोग्राम. त्याचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (काय भरायचं त्याचा आराखडा), एवढ्यावरून मॉडेल ठरवतं की कोणतं टूल वापरायचं. आतला कोड त्याला दिसतच नाही. नवख्या ड्रायव्हरच्या हाती दिलेली चिठ्ठीच ती. गाव चुकलं तर चिठ्ठी बघायची, ड्रायव्हरला शिव्या द्यायच्या नाहीत.

पहिलं मोठं काम सावद्याच्या नानांचं. केळीचा व्यापार. करपा, सीएमव्ही (केळीवरचा विषाणूरोग), भाव यांवर बागायतदार ऑनलाइन काय बोलतात ते एजंटनं, म्हणजे टूल वापरून काम करणाऱ्या एआय प्रोग्रामनं, रोज सकाळी आणून द्यावं, एवढीच मागणी. आम्ही दोनच टूल दिली : 'चर्चा_शोधा' आणि 'चर्चा_वाचा'. पहिल्यातून शीर्षक, आयडी, तारीख आणि उत्तरांची संख्या मिळते. दुसऱ्यातून एका चर्चेतली उत्तरं. पहिल्याचं वर्णन असं : "शब्दांवरून चर्चा शोधते, मजकूर देत नाही. आयडी हाती असेल तर हे वापरू नका, चर्चा_वाचा वापरा." कधी वापरू नये, ही ओळ बहुतेक जण गाळतात आणि एजंट तिथेच घसरतो.

मग पुण्याची एक मोठी कंपनी आली. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक त्यांनी निम्म्या दरात उचललं, मागची बिलं अडकली, दोन चांगली पोरं सोडून गेली. शटर ओढायची वेळ आली होती. नानांनी पुढच्या हंगामाचे पैसे आधीच दिले, म्हणून टिकलो.

त्या कंपनीनं काय दिलं? एपीआयच्या (एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) प्रत्येक एंडपॉइंटचं, म्हणजे प्रत्येक दाराचं, एक टूल, आणि बहुतेकांखाली एकच ओळ : "चर्चा आणते." एकसारखी दिसणारी दहा टूल समोर ठेवली तर मॉडेल अंदाजानंच हात घालणार. शिवाय ती सगळी यादी दरवेळी कॉन्टेक्स्टमध्ये (मॉडेल एका वेळी वाचतं त्या मजकुरात) जागा खाते. क्रमाचा तर उल्लेखच नव्हता. हॅकर न्यूज या चर्चेच्या संकेतस्थळाच्या शोध एपीआयला दोन वेगळी दारं आहेत, एक जुळणीप्रमाणे लावतं, दुसरं तारखेप्रमाणे. कोणतं दार उघडलंय हे वर्णनात नसेल, तर "सध्या काय चाललंय" विचारल्यावर पाच वर्षांपूर्वीची चर्चा येते आणि एजंट ती आजची म्हणून वाढतो. आमच्याकडे 'क्रम' या इनपुटला दोनच पर्याय, 'जुळणी' आणि 'ताजे'. "सध्या, आज, या आठवड्यात असं विचारलं तर ताजे" हे तिथेच लिहिलेलं.

पुढे त्यांनी आमचं वर्णन शब्दशः उचललं. "चर्चा_वाचा वापरा" ही ओळसुद्धा! त्यांच्या टूलचं नाव वेगळं होतं, त्यामुळे एजंट नसलेलंच टूल हाका मारून मागत बसला. गिऱ्हाईक परत आलं; जुनी बिलं मात्र आजही बाकी आहेत.

नव्यानं या कामात येणाऱ्यांना, विचारलं नसलं तरी, सांगतो. तारीख सेकंदांतला आकडा म्हणून देऊ नका. कुणीतरी तो मिलिसेकंद समजतं आणि सगळ्या चर्चा जानेवारी १९७०च्या होतात. "2025-06-10T09:30:00+05:30" असं पूर्ण लिहा. उत्तरांची सपाट यादी करू नका, प्रत्येकासोबत पालक आयडी (ते ज्याला दिलेलं उत्तर आहे त्याचा आयडी) ठेवा. नाहीतर "हे औषध मारू नका" हे नेमकं कोणत्या औषधाबद्दल, ते कळत नाही. अपुरं दिलं तर तसं सांगा : "३४० पैकी ५० उत्तरं, पुढची हवी असल्यास हा कर्सर (कुठवर आलो त्याची खूण) जसाच्या तसा द्या." नाहीतर पन्नासांवरून "सगळे शेतकरी म्हणतात" असा अहवाल तयार होतो. काही सापडलं नाही आणि सर्व्हर बंद आहे, ही दोन वेगळी उत्तरं हवीत. पहिल्यात पुढचा उपायही लिहा : शोध अक्षरशः होतो, 'केळी' रोमन लिपीत टाकून पाहा. आणि चर्चेतला मजकूर परक्यांचा आहे, त्यातल्या सूचना पाळायच्या नाहीत, हेही लिहा. पण नुसत्या त्या ओळीवर विसंबू नका. वाचणाऱ्या एजंटच्या हाती मेल पाठवायचं टूल देऊच नका.

तपासणीला प्रश्नांची वही ठेवा. प्रत्येक प्रश्नापुढे अपेक्षित टूल आणि इनपुट. ज्यांना टूल लागतच नाही असे प्रश्नही त्यात हवेत, कारण काही वर्णनं इतकी आग्रही असतात की "नमस्कार" म्हटलं तरी एजंट शोधायला पळतो. एका वेळी एकच वाक्य बदला, मग पूर्ण वही पुन्हा चालवा. मॉडेलची आवृत्ती बदलली तरीही.

आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या. आम्ही आता वही चालवून दाखवतो, आगाऊ जमा झाल्यावर वर्णनाची फाइल देतो.