सोडावे लागले

गेल्या जूनमधली गोष्ट. सत्तरीकडे झुकलेल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचं पुस्तक माझ्याकडे दुसऱ्या प्रुफापर्यंत आलं होतं. आईच्या आठवणी, दीडशे पानांच्या आत. त्या वाळपईहून सकाळच्या कदंब बसने फोंड्याला यायच्या आणि आम्ही जुन्या पद्धतीने प्रुफं वाचायचो. मी मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि त्यांनी आपल्या वहीतल्या मजकुरावर बोट धरून मेळ घालायचा. बावीस वर्षं मी हे काम करते आहे. डोळ्याला सुटलेली चूक कानाला हटकून सापडते.

मी त्यांना बाई म्हणते, त्या मला बाये.

बाईंचं मराठी स्वच्छ, वळणदार, शाळेत शोभेल असं. आमच्याकडे कितीतरी घरांत चुलीपाशी कोकणी आणि पाटीवर मराठी असंच चालत आलं. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही वाट ठेवली, पण घरातली ही वाटणी त्याच्या फार आधीची. त्यावरून इथे पुष्कळ भांडणं झाली, त्यात मला आज शिरायचं नाही. एवढंच सांगते की आई ज्या भाषेत रागावली, हसली, हिशेब मांडला, ती भाषा बाजूला ठेवून दुसरीत तिच्याबद्दल लिहायचं, तर वाटेत बरंच काही सांडतं. भरून आणायचं झालं तर ते काम पुन्हा शब्दांनीच करावं लागतं.

पहिल्या प्रुफात बाईंची आई मला दिसलीच नव्हती. दिसल्या त्या सोशिक, कष्टाळू, देवभोळ्या माउली. हे शब्द बाईंनी खोटेपणाने लिहिले नव्हते. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये लिहून झाली, आणि तेव्हापासून मराठीत आईवर लिहायला बसलेल्या माणसाच्या हातात ते डोळे भरून येणं आपसूक उतरतं. बाईंनी तर ते पुस्तक वर्षानुवर्षं मुलांना वाचून दाखवलेलं. मलाही ते पुस्तक प्रिय आहे. पण त्या आईचं लुगडं हिला नेसवलं की ही त्यात गुदमरते.

तिसऱ्या प्रकरणात वाक्य होतं: ‘उदरनिर्वाहासाठी आई एक पारंपरिक लघुउद्योग सांभाळीत असे.’ मी वाचायची थांबले.

“बाई, कसला उद्योग?”

“भाटी गो,” त्या म्हणाल्या. “काजूची.”

म्हणजे आई दारू गाळत होती. विचारल्यावर बाई भडाभडा सांगू लागल्या. पावणीला, म्हणजे काजूच्या लिलावाला, आई एकटी बाई असायची, सगळ्या पुरुषांत. मार्चपासून मेपर्यंत ती डोंगरावरच राहायची. बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचून कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत टाकायचे, पायांनी तुडवायचे, नीरो, म्हणजे रस धरायचा, आंबवायचा, मग भाटीवर चढवायचा. पहिल्यांदा उतरतो तो हुर्राक, तोच पुन्हा गाळला की फेणी. आई बाटली हलवायची, उजेडाकडे धरायची आणि वर आलेले बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघून जोर सांगायची. तिच्या लुगड्याला पावसाळा येईपर्यंत बोंडूंचा वास असायचा. बाईंना वर्गात शेजारी कोणी बसू देत नसे.

“हे वहीत का नाही?”

“पुस्तकात कसं लिहिणार?”

मी उत्तर दिलं नाही. समासात ‘भाटी’ लिहिलं आणि पुढे वाचू लागले. चार ओळींवर ते वाक्य आलं, ज्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

‘1969 साली आईला घर सोडावे लागले.’

माझ्या तोंडून निघून गेलं, “लागले म्हणजे? कोणी लावले?”

बाईंचं बोट वहीवर तसंच राहिलं.

मी मागची पानं चाळली. तोवर ध्यानात आलं नव्हतं, आता दिसायचं थांबेना. तिला सोसावे लागले. तिच्या वाट्याला एकटेपण आले. तिच्यावर प्रसंग ओढवला. तिला वडिलांच्या डोंगराचा हिस्सा मिळाला. सगळीकडे ‘तिला’. ‘तिने’ बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बहुतेक ‘तिने डोळे पुसले’ अशा जागी. मराठीत ही सोय फार मोठी आहे. कर्त्याला ‘ला’ लावायचा, क्रियापद तिसऱ्या पुरुषात उभं करायचं, की झालेलं सगळं आपोआप झालं. पाऊस पडतो तसं.

डोंगराचं तर मला ठाऊक होतं. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेमुळे मुलीचा वाटा मुलाइतकाच. केरळात मेरी रॉय यांना त्रावणकोरच्या 1916 च्या ख्रिस्ती वारसा कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. त्या कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, त्यातलं जे कमी असेल ते. निकाल 1986 मध्ये लागला. आमच्याकडे कायदा आधीपासून होता, तरी भावांनी पुढे केलेल्या कागदावर सही करून मोकळ्या झालेल्या बहिणी मी माझ्याच घरात पाहिल्या आहेत. बाईंच्या आईने सही दिली नाही. इन्व्हेंतार, म्हणजे वारशाच्या वाटणीचं कोर्टातलं काम संपेपर्यंत दर तारखेला ती कोर्टात जाऊन बसली. ‘हिस्सा मिळाला’ या दोन शब्दांत ते बाकडं कुठे आहे?

याच मेरी रॉय यांच्यावर त्यांच्या लेकीने, लेखिका अरुंधती रॉय हिने, अलीकडे पुस्तक लिहिलं, त्यात आईला ती ‘मिसेस रॉय’ म्हणते. आईच्याच शाळेत शिकली, तिथे सगळी मुलं म्हणायची तेच तिनेही म्हणायचं. लेकीला आई किती जवळ घेई आणि किती दूर ठेवी, ते त्या एका संबोधनात आलं. हे मी बाईंना सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही, कळलं नाही. थोड्या वेळाने त्या कोकणीत बोलू लागल्या. तोवर आम्ही पुस्तकाबद्दल मराठीत आणि चहाबद्दल कोकणीत बोलायचो.

त्या नऊ वर्षांच्या होत्या. आजोळी बावीवर आईबरोबर गेल्या होत्या. पाणी शेंदणाऱ्या बायकांतली एक, चांगल्या मनाची, कळवळून दुसरीला म्हणाली, “बाबडें, घोवान सोडलें ताका.”

आईने भरलेली कळशी कठड्यावर ठेवली. आवाज न चढवता म्हणाली, “घोवान न्हय. हांवें ताका सोडलो.”

कोकणी ज्यांच्या कानावर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे मुलीला, तरुण बाईला ‘तें’ म्हणतात, नपुंसकलिंगी. त्यात माया असते, आणि लहान ठरवणंही असतं. ‘बाबडें’, ‘सोडलें’, दोन्हीकडे तेच लिंग. बिचारं ते, नवऱ्याने सोडलेलं. आणि आईच्या उत्तरातलं ‘सोडलो’ पुल्लिंगी आहे. मराठीत ‘मी त्याला सोडलं’ म्हटलं की क्रियापद कोणाचंच राहत नाही, भावे प्रयोगात तटस्थ उभं राहतं. कोकणीत ते कर्माच्या मागून जातं. सोडलो. नवरा त्या ओकारात उभा असतो आणि सगळ्या बावीला दिसतो.

मला अंगावर काटा आला. मी म्हटलं, “बाई, हे वाक्य असंच घालूया. भाषांतर नको, तळटीप नको. पुण्या-कोल्हापूरचा वाचक दोनदा वाचेल, पण त्याला कळेल. आणि वरचं ‘सोडावे लागले’ काढून ‘आईने घर सोडले’ करूया.”

बाई म्हणाल्या, “त्या ‘सोडलो’तले बाबा माझे, बाये.”

मी गप्प झाले.

त्यांचे वडील वाईट नव्हते. मारत नव्हते, पीत नव्हते. आईला त्या घरात श्वास घेता येत नव्हता, एवढंच. नंतर ते त्याच गावात एकटे राहिले, चतुर्थीला लेकीसाठी गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं घेऊन आजोळच्या दाराशी यायचे आणि पायरीवरूनच परत जायचे. ‘सोडावे लागले’ लिहिलं की कोणी सोडलं नाही आणि कोणी सुटलं नाही. इतका वेळ मी ज्याला भिडस्त मराठी समजत होते, तो वडिलांवर पांघरूण घालणारा हात होता. संपादक म्हणून मला हे आधी विचारायला हवं होतं. मी व्याकरण पाहिलं, माणूस पाहिला नाही. याची रुखरुख अजून आहे.

तरीही माझं म्हणणं मी मागे घेतलं नाही. “वडिलांवर वेगळं पान लिहा,” मी म्हटलं. “पायरीचं लिहा, फळांचं लिहा. पण आईच्या हातातलं काम काढून घेऊ नका. कळशी खाली ठेवून ती बोलली, ते काय ‘लागले’ म्हणून?”

बाई बराच वेळ खिडकीतून खालच्या छत्र्या बघत बसल्या. मग त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि ‘आईला घर सोडावे लागले’ यातल्या ‘ला’वर रेघ मारून ‘ने’ केलं. ‘सोडावे लागले’चं ‘सोडले’. हात थरथरत नव्हता. फळ्यावर लिहिल्यासारखं ठसठशीत अक्षर.

मला वाटलं, झालं. आम्ही पुढे वाचू लागलो. चौथ्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य: ‘मी आजीकडे राहिले.’

आता बाईंनीच मला थांबवलं.

“हे पण बदलावं लागेल मग.”

मला लगेच कळलं नाही. वाक्यात चूक काहीच नव्हती. मग दिसलं की या वाक्यात आईच नाही. काजूच्या दिवसांत डोंगरावर, नंतर डिचोलीला बाजाराजवळ खोली घेऊन, आई सहा वर्षं लेकीपासून वेगळी राहिली. महिन्यातून एकदा यायची. गूळ, वह्या, एकदा छत्री. रात्री थांबायची नाही.

“कधी विचारलं का तिला?”

“विचारलं. मोठी झाल्यावर.” बाई जरा थांबल्या. “म्हणाली, तुका घेतलें जाल्यार म्हाका परत वचचें पडटलें.” तुला घेतलं असतं तर मला परत जावं लागलं असतं.

‘पडटलें’. हातातली कळशी ठेवून बोललेल्या त्या बाईने आयुष्यात एकदा तरी ‘लागलं असतं’ म्हटलं होतं, आणि ते लेकीपाशी म्हटलं होतं. मी हे बाईंना बोलून दाखवलं नाही. तो त्यांचा ऐवज होता.

त्यांनी ‘राहिले’ खोडलं. सकाळी मी शिकवलेली काढून टाकायची खूण समासात केली, शेपटीसकट, अगदी बरोबर. ओळीच्या वर ‘तिने मला आजीकडे’ एवढं लिहिलं. पुढचा शब्द आला नाही. ‘ठेवले’ की ‘सोडले’, असं मी विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

सव्वाचारची बस होती. बाईंनी चौथ्या प्रकरणाची पानं तेवढी वेगळी काढली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, पिशवी पोटाशी धरली आणि जिना उतरून गेल्या. बाकीची प्रुफं टेबलावर राहिली, पेन्सिल तिसऱ्या प्रकरणावर आडवी.