घोरण्यापासून थॅलॅमसपर्यंत : एलिओ लुगारेझी

झोपेच्या विकारांना आयुष्य वाहिलेल्या मेंदूविकारतज्ज्ञांमध्ये इटलीतील बोलोन्या विद्यापीठाचे एलिओ लुगारेझी (1926–2015) मला सर्वाधिक आदरणीय वाटतात. घोरणे ही केवळ घरच्यांच्या त्रासाची बाब मानली जात असताना त्यांनी झोपलेल्या रुग्णांचा श्वास आणि रक्तदाब रात्रभर नोंदवला व श्वास अडला की दाब वाढतो, हे सहकाऱ्यांसह दाखवून दिले. 1980मध्ये सान मारिनो या छोट्या देशातील पाच हजारांहून अधिक रहिवाशांच्या पाहणीतून घोरणे आणि उच्च रक्तदाब यांचा संबंध त्यांच्या गटाने मांडला.

मात्र त्यांचे नाव जगभर पोहोचले ते एका कुटुंबामुळे. त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मध्यमवयीन माणसांची झोप हळूहळू नाहीशी होई, घाम, ताप आणि हृदयाचे वेगवान ठोके सुरू होत आणि काही महिन्यांत मृत्यू ओढवे. अशा एका रुग्णाच्या निद्रालेखांचा (झोपेच्या यांत्रिक नोंदींचा) आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचा अभ्यास करून 1986मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह हा आजार, म्हणजे ‘फेटल फॅमिलियल इन्सोम्निया’ (जीवघेणा कौटुंबिक निद्रानाश), प्रथम वर्णिला. विकृती प्रामुख्याने थॅलॅमस या मेंदूच्या खोलवरच्या भागातील ठरावीक केंद्रांत होती, म्हणजे झोप टिकवण्यात त्या भागाचाही वाटा असावा, हा त्यांचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. 1992मध्ये या आजाराचे मूळ प्रायॉन प्रथिनाच्या (चुकीची घडी पडल्यास मेंदूला घातक ठरणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकातील उत्परिवर्तनात सापडले. त्यावर खात्रीचा उपचार अजूनही नाही. घोरण्याच्या साध्या वाटणाऱ्या तक्रारीलाही त्यांनी तितक्याच गांभीर्याने हाताळले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.