आषाढात काढलेला वैशाख

चैत्र ते फाल्गुन, बारा चित्रांची दिनदर्शिका. काम मिळालं तेव्हा वाटलं, त्या त्या महिन्यात ते ते चित्र काढायचं, मजा. पण जानेवारीत भिंतीवर लागायची तर नोव्हेंबरच्या आत छापायला जायला हवी. म्हणजे माझ्या हातात होते जून ते ऑक्टोबर. पुण्यात बाहेर पावसाची झड लागलेली आणि मी टेबलावर वैशाख काढतेय.

तो जमेना. जलरंगाला दमट हवेत वाळायला किती वेळ लागतो ते ज्याने केस वाळवायचं मशीन कागदावर धरलंय त्यालाच विचारा. कडा मऊ होत गेल्या, ऊन पसरट झालं. शिवाय जुन्या गठ्ठ्यातल्या कागदाची खळ (रंग लगेच शोषू न देणारा लेप) ओलीने गेलेली, मधेच टीपकागदासारखे डाग उठायचे. चित्र पाठवलं. उत्तर आलं, "मॅडम, वैशाख गार वाटतोय." राग आला, पण खरंच होतं ते.

मग उन्हाळ्यातली वही काढली. रोज एक रंगाचा ठिपका आणि खाली दोन शब्द, एवढीच सवय आहे मला. १३ मेच्या पानावर लिहिलेलं, 'सावली नाही.' त्याच सुमारास पुण्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. आणि मी झाडाची लांबलचक, छान निळी सावली काढून बसले होते!

दुसरी वाट बुंदी-कांगड्याच्या बारामासा चित्रांनी, म्हणजे बारा महिन्यांच्या जुन्या लघुचित्रांनी दाखवली. जेठाच्या, म्हणजे ज्येष्ठाच्या चित्रात हत्ती आणि वाघ जवळजवळ, पण उष्म्याने इतके गळालेले की वैर करायचंही त्राण नाही. तिथे ऊन रंगात नाही, अंगात आहे. मी बहावा पुसला (पिवळा जरा जास्तच लाडका झाला होता), अंगण कोरं कागदच ठेवलं आणि पडवीत झिरपणाऱ्या रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकलेलं एक कुत्रं काढलं. आधी रांजण अंगणात होता. आई मागून म्हणाली, "अगं, रांजण उन्हात कोण ठेवतं?" म्हणून तो पडवीत आला.

हे चित्र लगेच पास झालं.

आषाढ सोपा जाईल असं धरून चालले होते, खिडकीतच तर होता. त्याचे पाच कागद फाडले. पावसात बसलं की नुसता करडा दिसतो, आणि ट्यूबमधला तयार हिरवा लावला की झाडं प्लास्टिकची. मनही तेव्हा कुंद होतं, सगळीच चित्रं उदास निघत होती. श्रावण, भाद्रपद उरकले. तेरडा आणि सोनकी आपसूक आली.

आषाढ शेवटी झाला तो ऑक्टोबरच्या उकाड्यात, छपाईला दोन दिवस असताना. पंखा बंद करून, कागद खालून ओल्या फडक्याने भिजवत.