पहिली इनिंग की पाचवी?

आमचा मुलगा दहावीत गेला त्या वर्षी शाळेच्या बेसबॉल कोचने त्याचं काम बदललं. तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. तोवर तो कायम स्टार्टर असायचा, म्हणजे मॅचचा पहिला चेंडू त्याच्या हातात. कोच म्हणाले, यंदा तू बुलपेनमधून येशील, चौथ्या-पाचव्या इनिंगला, गरज पडेल तसा. बुलपेन म्हणजे मागून येणारे पिचर हात गरम करतात ती जागा. शाळेची मॅच सात इनिंगची, एका इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात. त्यात पाचवीला यायचं म्हणजे आपल्याला खाली उतरवलं, असं त्याने मनाशी धरलं आणि त्याच्या बाबांनाही तसंच वाटलं. मला बेसबॉल मुलामुळेच कळायला लागलेला. म्हणून मी म्हटलं, रागवायच्या आधी हे प्रकरण नीट समजून तरी घेऊ. समजून घेता घेता जवळजवळ वर्ष गेलं. आमच्या न्यू जर्सीतच नव्हे, टेक्सास, बे एरिया, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथली पुष्कळ मुलं आता बेसबॉल खेळतात. त्यांच्यातल्या पिचर मुलांच्या घरी पंधरा-सोळाव्या वर्षी हा प्रश्न येतोच, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सांगलीच्या माझ्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे एक ओपनिंगला बोलिंग करणारा आणि एक शेवटच्या ओव्हरवाला, एवढंच ना ताई?" तेवढंच नाही. क्रिकेटमध्ये कॅप्टन बोलरला थांबवतो आणि मनात आलं की परत आणतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, मॅचमधून बाहेर काढलेला पिचर त्या मॅचमध्ये परत येत नाही. शिवाय समोरचे तेच नऊ बॅटर पुन्हा पुन्हा फिरून येतात. स्टार्टरला त्यांना दोनदा, जमलं तर तिसऱ्यांदाही बाद करायचं असतं, म्हणून तो हातचं राखून टाकतो आणि एकाच बॅटरला दर वेळी काहीतरी वेगळं दाखवतो. रिलीव्हर, म्हणजे मधे बुलपेनमधून येणारा पिचर, सहसा प्रत्येकाला एकदाच भेटतो. त्याने असेल तेवढी ताकद तिथेच लावायची.

हे मला वहीमुळे दिसलं. टीमच्या मॅचमध्ये पिच, म्हणजे टाकलेले चेंडू, मोजायला एक पालक लागतो, ते काम मी मागून घेतलं. गेमचेंजर ॲपवर आकडा भरायचा असतोच, पण मी शेजारी एक वही ठेवली आणि कोणता चेंडू, कोणत्या बॅटरला, कितव्या फेरीला, असं लिहीत गेले. आदल्या वर्षीच्या मॅचचे व्हिडिओ होते, तेही पुन्हा पाहून त्यात उतरवले. मग चित्र स्पष्ट झालं. नऊ बॅटर एकदा येऊन जाईपर्यंत आमचा मुलगा भारी पडायचा. दुसऱ्या फेरीला तेच बॅटर शांत उभे राहायचे, त्याचा वळणारा कर्व्हबॉल सोडून द्यायचे आणि सरळ, वेगवान फास्टबॉलची वाट बघायचे. त्याच्याकडे चेंडूचे प्रकारच दोन होते. एक ओळखू आला की दुसरा आपोआप कळतो.

हा त्याच्या एकट्याचा दोष नव्हता. मेजर लीगमधल्या उत्तम स्टार्टरनाही बॅटर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला जास्त चांगले खेळतात, हे तिथल्या आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसतं. म्हणूनच हल्ली स्टार्टर सरासरी सहा इनिंगही पुऱ्या करत नाहीत. टॅम्पा बे रेज या टीमने तर मे २०१८ मध्ये सर्जिओ रोमो या मुरलेल्या रिलीव्हरकडूनच मॅचची सुरुवात करून घेतली आणि एका इनिंगनंतर खरा लांब पल्ल्याचा पिचर आणला. हे वाचून दाखवलं तेव्हा मुलाचा चेहरा जरा सैल झाला. पहिल्या इनिंगचा मान तेवढा पक्का राहिलेला नाही, हे त्याला पटलं.

आणि मग उलटंच झालं. एप्रिलच्या गारठ्यात दोन-तीन मॅचमध्ये त्याला एकेक इनिंग मिळाली आणि ते काम त्याला आवडायला लागलं. एकच इनिंग टाकायची म्हटल्यावर काही राखून ठेवायचं नसतं, त्यामुळे रडार गनवर फास्टबॉल दोन मैलांनी वाढलेला दिसला. मोठ्या लीगमध्येही स्टार्टरला बुलपेनमध्ये हलवलं की वेग साधारण मैल-दोन मैल वाढतो. पंधरा वर्षांच्या मुलाला वेगाइतकं दुसरं काही गोड लागत नाही. तो म्हणाला, "आई, मला आता क्लोजरच व्हायचंय. मारियानो रिव्हेराला एकच चेंडू पुरला ना?" क्लोजर म्हणजे शेवटची इनिंग टाकून मॅच जिंकून देणारा रिलीव्हर.

आमच्या भागात, न्यू यॉर्क यँकीजच्या स्टेडियमपासून तास-सव्वा तासावर, त्यांच्या क्लोजर रिव्हेराचं नाव घेतलं की वाद संपतो. ६५२ सेव्ह, म्हणजे आघाडी टिकवून संपवलेल्या मॅच, हॉल ऑफ फेममध्ये एकमताने गेलेला पहिला खेळाडू. पण मी त्याची सुरुवात वाचून काढली. खालच्या लीगमधून रिव्हेरा स्टार्टर म्हणूनच वर आला. १९९५ मध्ये, पंचवीस वर्षांचा असताना, त्याने यँकीजसाठी दहा मॅच सुरू केल्या होत्या. ज्या कटरवर, शेवटी जरासा वळणाऱ्या वेगवान चेंडूवर, त्याचं सगळं करिअर उभं राहिलं तो त्याला १९९७ मध्ये सापडला. म्हणजे पंधराव्या वर्षी त्याने स्वतःला एका चेंडूत बांधून घेतलं नव्हतं. हे मी जेवताना सांगितलं. मुलगा काही बोलला नाही, पण ऐकत होता.

त्या आठवड्यात शेजारच्या काकांनी, ते यँकीजचे जुने भक्त, जोबा चेंबरलेनची गोष्ट सांगितली. ती मी विसरू शकत नाही. जोबा स्टार्टर म्हणून तयार होत होता. २००७ च्या ऑगस्टमध्ये टीमला बुलपेनमध्ये माणूस हवा होता म्हणून त्याला वर आणलं. २४ इनिंगमध्ये त्याने एकच अर्न्ड रन (फिल्डरच्या चुकीशिवाय गेलेला रन) दिला. त्याला जपण्यासाठी नियम केले, जितक्या इनिंग टाकेल तितके दिवस विश्रांती, आणि त्या नियमांना लोकांनी त्याचंच नाव दिलं. २००८ मध्ये सीझनच्या मधेच त्याला पुन्हा स्टार्टर केलं. ऑगस्टमध्ये खांदा दुखावला. २००९ मध्ये स्टार्टर, पण इनिंगवर मर्यादा. २०१० मध्ये परत बुलपेन. २०११ मध्ये कोपराची टॉमी जॉन सर्जरी. या फिरवाफिरवीमुळेच त्याचा हात गेला असं मी म्हणणार नाही, हाताचं गणित इतकं सरळ नसतं. पण बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला आपण नक्की कशाची तयारी करतोय हेच दर काही महिन्यांनी बदलत असेल तर त्याचं मन आणि शरीर दोन्ही कुठे स्थिरावणार, हा प्रश्न मला पडला. बॉस्टनच्या डॅनियल बार्डचंही असंच काहीसं. उत्तम रिलीव्हर असताना २०१२ मध्ये त्याला स्टार्टर करून पाहिलं आणि त्याला स्ट्राइक झोनच, म्हणजे चेंडू जिथून जायला हवा तो पट्टा, सापडेना. मेजर लीगमध्ये नीट परतायला २०२० उजाडलं.

याच्या विरुद्ध उदाहरणंही भक्कम आहेत. पेद्रो मार्टिनेझ १९९३ चा जवळजवळ सबंध सीझन डॉजर्स टीमच्या बुलपेनमधून आला, पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलमध्ये स्टार्टर झाला आणि पुढे थोर पिचर ठरला. ॲडम वेनराइटने २००६ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, शेवटचा आउट काढला आणि २००७ पासून तो कार्डिनल्स टीमचा स्टार्टर झाला. क्रिस सेलही आधी रिलीव्हर. अलीकडचा गॅरेट क्रोशे २०२० आणि २०२१ मध्ये बुलपेनमधून आला, मग कोपराची सर्जरी झाली आणि २०२४ मध्ये स्टार्टर म्हणून १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारता न येता बाद झालेले बॅटर. म्हणजे बुलपेन हा रस्ताही असू शकतो. मला शोधायचं होतं ते एवढंच, की ज्यांना हा रस्ता लाभला त्यांनी त्या काळात केलं काय.

उत्तर योहान सँटानाच्या गोष्टीत मिळालं. मिनेसोटा ट्विन्समध्ये तो आधी बहुतेक बुलपेनमधूनच यायचा. २००२ मध्ये त्याला खाली, एडमंटनच्या टीममध्ये पाठवलं, तिथे कोच बॉबी क्वेलार यांनी अट घातली की प्रत्येक बॅटरला निदान एक चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू चेंडू, टाकायचाच. मॅचमध्ये, खऱ्या बॅटरसमोर, मार बसला तरी. २००४ मध्ये त्याच सँटानाला वर्षातल्या उत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, २००६ मध्ये पुन्हा. मला वाटतं सगळी गोम इथे आहे. कोवळ्या पिचरने इनिंग पाचवी टाकावी की पहिली, हे टीमच्या गरजेवर सोडता येतं. तिसरा चेंडू शिकायचं मात्र थांबता कामा नये. छोट्या कामात दोन चेंडूंवर भागतं, आणि भागतं म्हणूनच तिसरा मागे पडतो.

मधल्या काळात कोपराने आम्हाला थांबवलं. शाळेच्या मॅचेस सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवारी क्लबची टीम. पिच स्मार्ट म्हणून एमएलबी (मेजर लीग बेसबॉल) आणि राष्ट्रीय संस्था यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये आखून दिलेली मर्यादा आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच. ७६ किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस सुट्टी, ४६ ते ६० ला दोन दिवस, पण ३० पर्यंत टाकल्या तर एकाही दिवसाची नाही. स्टार्टर होता तेव्हा तो आपोआप चार-चार दिवस विसावायचा. रिलीव्हर झाल्यावर आज पंचवीस, परवा अठ्ठावीस, शनिवारी क्लबसाठी आणखी. प्रत्येक आकडा नियमात बसणारा, बेरीज कुणाचीच नाही. त्यात बुलपेनमधला वॉर्मअप कुठेच धरत नाहीत. एकदा तर त्याला एकाच मॅचमध्ये दोनदा तयार केलं आणि माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, नेलंच नाही. ॲपवर त्याच्या नावापुढे त्या दिवशी शून्य. माझ्या वहीत तो स्टार्टरच्या अर्ध्या दिवसाइतका हाताचा वापर होता.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागल्यावर क्लबच्या कोचचं म्हणणं होतं की एवढं चालतं, बर्फ लाव. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी मुलाशी, आमच्याशी नाही, थेट त्याच्याशी बोलून समजावलं: या वयात कोपराजवळची हाडाची वाढीची जागा अजून पक्की झालेली नसते, आणि दुखणं लपवणारा पिचर सगळ्यात आधी अडचणीत येतो. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या अभ्यासाचा त्यांनी दाखला दिला. हात थकलेला असताना नेहमी पिच करणाऱ्या मुलांमध्ये सर्जरीची शक्यता ३६ पट, वर्षातले आठ महिन्यांहून जास्त स्पर्धेत पिच करणाऱ्यांमध्ये पाच पट. छत्तीस हा आकडा ऐकून त्याच्या बाबांचा चेहरा उतरला. काही आठवडे चेंडू बंद झाला, क्लबची टीम त्या सीझनपुरती सोडली.

कोचशी बोलायचं ठरलं तेव्हा घरात थोडी चर्चा झाली. इथल्या शाळांमध्ये पालकांनी खेळायच्या वेळेबद्दल कोचकडे तक्रार नेणं बरं दिसत नाही, मुलाने स्वतः विचारायचं असतं. त्याने विचारलं. मी फक्त वहीची पानं त्याच्या बॅगेत ठेवली होती. कोचने ती पाहिली आणि स्पष्ट सांगितलं: तुला खाली उतरवलेलं नाही, दोन चेंडूंवर मी तुला पाच इनिंग उभा करू शकत नाही. चौथ्या इनिंगला तुझा वेग टिकतो का, आणि दुसऱ्या फेरीला तुझ्याकडे नवीन काय आहे, या दोन गोष्टी दाखव. मुलाने सँटानाची अट सांगितली. कोचना ती आवडली. तेव्हापासून रिलीफला आला तरी प्रत्येक बॅटरला एक चेंजअप, आणि बुलपेनमधले चेंडूही मोजायचे. वॉर्मअपचा आकडा चेंडू झेलणारा कॅचर ओरडून सांगतो, मी लिहिते. एका दिवशी दोनदा तयार करायचं नाही, हेही कोचनी मान्य केलं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण मॅच हातातून निसटत असतानाही त्यांनी ते पाळलं.

चेंजअप लगेच आला नाही. पहिले कित्येक जमिनीवर आपटले, एक तर कुंपणापलीकडे गेला आणि आम्ही ती मॅच हरलो. मेच्या शेवटी मात्र एका डावखुऱ्या बॅटरने त्या चेंडूवर इतकी लवकर बॅट फिरवली की डगआउटमधली सगळी मुलं उभी राहिली. शेवटच्या आठवड्यात कोचने त्याला एका मॅचची सुरुवात दिली, तीन इनिंगच्या बोलीवर. दुसऱ्या फेरीतले पहिले तीन बॅटर त्याने घेतले, दोन बाद, एकाला वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंवर फुकट पहिला बेस. मग ठरल्याप्रमाणे दुसरा पिचर आला.

आता तो अकरावीत आहे. नोव्हेंबरपासून चेंडू पूर्ण बंद, फक्त पाय आणि पाठीचे व्यायाम. हलकं थ्रोइंग फेब्रुवारीत सुरू होईल. वसंतात शाळा, उन्हाळ्यात क्लब, दोन्ही एकाच वेळी नाही, हे लेखी ठरलं आहे. कोचचा बेत असा की आठवड्यातली एक मॅच त्याने सुरू करायची, साठ पिचपर्यंत, आणि त्या आठवड्यात रिलीफला यायचं नाही. कॉलेजमध्ये गेला तर बहुधा पुन्हा बुलपेनपासूनच सुरुवात होईल, तिथे शुक्रवार ते रविवारच्या मॅच सुरू करायची जागा नवख्याला सहज मिळत नाही. हे त्याला आता सांगावं लागत नाही. परवा त्याने स्वतःच वही मागून घेतली, गेल्या वर्षीच्या दुसऱ्या फेऱ्या पुन्हा पाहायच्या म्हणून.