ट्यूबची पट्टी

बाईकवरून कोकणात जायचं ठरलं की माझी निम्मी सहल आदल्या रात्री हॉलच्या फरशीवरच होते. सगळं सामान मांडून बसायचं. पंक्चरचं किट, त्यातल्या त्या चिकट तपकिरी वाती, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, जादा क्लच केबल, प्लग, पक्कड, पाने, चेनला मारायचा स्प्रे. शिवाय साइड स्टँड वाळूत रुतू नये म्हणून त्याच्याखाली ठेवायची एक प्लास्टिकची चकती. ही मी पैसे देऊन विकत घेतली आहे, हे घरात कोणाला सांगितलेलं नाही. कोकणात त्या कामाला जांभ्याची खपली चालते आणि ती जाल तिथे पायाशी पडलेली असते.

आई दारात उभी राहून बघते. "मंडणगडला चाललायस की काश्मीरला?" तिचं माहेर तिकडचं. एका कापडी पिशवीवर ती आयुष्यभर एसटीनं जाऊन आली.

तिचंही खरंच आहे म्हणा. माझं जॅकेट लडाखच्या हिशेबानं शिवलेलं. खांद्याला, कोपराला, पाठीला पॅड, आत पावसाचं अस्तर, त्याच्या आत थंडीचं. हे चढवून मे महिन्यात बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभं राहायचं म्हणजे चाळणीतला मोदकच. थंडीचं अस्तर आजवर एकदाही लागलेलं नाही, पण ते काढून घरी ठेवायचा धीर होत नाही. हातमोज्यांची मात्र चेष्टा नको. वळणावर लाल बारीक खडी सांडलेली असते, तिच्यावरून उघड्या हातांनी घसरलेल्या माणसाचे तळवे मी पाहिलेत. माझेच होते.

मुंबई-गोवा हायवे सोडून किनाऱ्यानं जायचं तर मध्ये खाड्या आडव्या येतात. बागमांडला-वेश्वीला सावित्री, दाभोळ-धोपाव्याला वाशिष्ठी, तवसाळ-जयगडला शास्त्री. बोटीवर गाडी चढवायची, गिअरमध्ये टाकून स्टँडवर लावायची आणि खारा वारा खात उभं राहायचं. तो वारा माणसाला मानवतो, चेनला नाही. दोन दिवसांत तिच्यावर गंजाची लाली चढते.

त्या खेपेला वेश्वीला उतरून चढाला लागलो आणि थोड्या वेळानं प्लास्टिक जळल्याचा वास आला. कोणीतरी कचरा पेटवला असेल म्हणून मी तसाच पुढे. आरशात बघतो तर धूर माझ्याच मागे. बॅग बांधलेल्या बंजीचा, म्हणजे ताणून बांधायच्या दोरीचा, आकडा सरळ होऊन निसटला होता, बॅग कलंडली होती आणि बाजूच्या कप्प्यातली रेनपँट सायलेन्सरला चिकटून वितळत होती. फरशीवर मांडलेल्या एवढ्या सामानात यावर इलाज काही नव्हता.

तेवढ्यात खालून रबरी भोंगा वाजला, पाँ पाँ. जुनी टू-स्ट्रोक एम-८०, मागे एकावर एक दोन क्रेट, वर ओलं गोणपाट. मासेवाले काका.

"काय ओ, कुटं चाल्लाव?" म्हणत त्यांनी गाडी लावली. बंजी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "ही आकडेवाली दोरी नको. सुटली तर डोला काढील." मग आपल्या क्रेटवरून एक काळी पट्टी सोडली. ट्रकच्या जुन्या ट्यूबची, दोन बोटं रुंद, वार-दीड वार लांब. एक टोक कॅरिअरला अडकवलं, बॅगेवर गुडघा रोवला, पट्टी निम्म्यानं लांबेपर्यंत ताणली आणि टोक स्वतःच्याच वेढ्याखाली खोचलं. गाठ नाही, आकडा नाही. मी बॅग हलवून पाहिली, तर बॅगेसकट गाडी हलली.

त्यांचं सामान मी जरा चोरूनच बघून घेतलं. तराजू, छत्री, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक प्लग आणि तो घासायला पॉलिश पेपरचा तुकडा. हर्णैच्या लिलावातून माल घेऊन वरच्या वाड्यांना फिरायचं, रोज, खडी आणि चढ तेच. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, तेव्हा सुकट नि बोंबील. पायात स्लीपर. हेल्मेट हँडलला अडकवलेलं, त्यात सुटे पैसे. मी त्यावर काही बोललो नाही. पट्टी मिळाली होती.

पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी अर्धा डझन बांगडे घ्यायला लावले. ते मी पंपाच्या रिकाम्या पाऊचमध्ये घालून नेले आणि मुक्कामावरच्या वहिनींनी तळून दिले.

पट्टी अजून गाडीवर आहे. आईनं ती दोनदा साबणानं आणि एकदा लिंबानं धुतली, पण मासळीचा वास काही जात नाही. हल्ली रात्री सोसायटीतलं मांजर येऊन माझ्या सीटवर बसतं.