पाचशे वर्षांची माती पुन्हा मळताना

इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं लॅव्हनम हे गाव तासाभरात पायी बघून होतं. तिथल्या एका घराच्या दुरुस्तीवर मी संवर्धन वास्तुतज्ज्ञ म्हणून काम करत होते. रस्त्याकडची भिंत सतत ओली राहते, आत बुरशीचा वास येतो, एवढीच तक्रार. आधीच्या कुणीतरी, भलं व्हावं म्हणूनच, बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला होता.

घर संरक्षित यादीतलं. परवानगी हातात पडल्यावर आम्ही खालच्या कोपऱ्यातून गिलावा सोडवायला घेतला. सोबतच्या म्हाताऱ्या सुताराने तळच्या ओकच्या तुळईवर हातोडीची मूठ आपटली. आवाज बद्द आला. मग त्याने पेचकस टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तो भिजलेल्या बिस्किटासारखा भुगा. सिमेंटला चिरा पडतात, त्यातून पाऊस आत शिरतो आणि मग त्याला परतीची वाट नसते. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि वाऱ्यावर सोडूनही देतो. या तुळईने शतकानुशतकं पाऊस सोसला होता. ती कुजली त्या कडक कवचाच्या आत.

मला ते फार लागलं, कारण हे गाव टिकलंय कसं ते माहीत होतं. निळ्या लोकरी कापडावर लॅव्हनम गब्बर झालं. १५२०च्या दशकात ते यॉर्क आणि लिंकनपेक्षा जास्त कर भरत होतं. कापडव्यापारी टॉमस स्प्रिंग १५२३ साली वारला, तेव्हा चर्चच्या मनोऱ्यासाठी २०० पौंड ठेवून गेला. तो १४१ फुटी मनोरा आजही शेतांवरून दिसतो. बाजारचौकातला गिल्डहॉल, म्हणजे संघाचं सभागृह, १५३०च्या सुमाराचा. मग जवळच्या कोल्चेस्टर शहरात आलेले डच विणकर हलकं, स्वस्त कापड विणू लागले आणि इथला धंदा बसला. घरं पाडून नव्या धर्तीची बांधायला लोकांकडे पैसा उरला नाही, म्हणून ती तशीच उभी राहिली. ओक ओला असतानाच उभारलेला, पुढे वाळत गेला तसा पिळला, म्हणून खांब असे कलंडलेले. पर्यटक त्या वाकडेपणाचे फोटो काढतात. पण घराला खरा धोका त्या कलण्यापासून नव्हता.

वरचा गिलावा उतरला आणि आतला कूड दिसला. हेझलच्या काठ्या, त्यावर गवत घालून लिंपलेली माती. मी क्षणभर तिथेच थांबले. माझ्या आजोळी, चिपळूणजवळ, गोठ्याची भिंत अशीच होती. तिथे काठ्या कारवीच्या, इतकाच फरक. मातीत चार बोटं ओढल्याच्या खुणा होत्या, वरचा चुना धरून राहावा म्हणून. मी माझी बोटं त्यांत ठेवली. तो हात माझ्यापेक्षा लहान होता.

खांबांवर पटाशीचे सरळ घाव होते: सुताराचे आकडे. चौकट आधी सुताराच्या अंगणात जुळवायची, आकडे घालायचे, मग मोकळी करून जागेवर आणायची. चार म्हणजे चार रेघा. आमच्या सुताराने त्या अंगठ्याने हळूच पुसल्या आणि बराच वेळ काही बोलला नाही.

कुजलेला भाग कापून तिथे नवा ओक सांधला, लाकडी खुंट्या ठोकून. पण मला सगळ्यात समाधान दिलं ते मातीने. खाली पडलेली जुनी माती फेकायची नसते. ती आम्ही ताडपत्रीवर पसरली, पाणी शिंपडलं, नवं गवत घातलं आणि गमबूट घालून तुडवली. अर्ध्या तासात ती लोण्यासारखी झाली आणि पहिल्या पावसासारखा वास सुटला. मग तीच पुन्हा कुडावर लिंपली.

बोटांच्या खुणांचा तुकडा जागीच घट्ट होता, त्याला आम्ही हात लावला नाही. शेजारच्या नव्या मातीत सुताराने स्वतःची बोटं ओढली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आता तू." मीही ओढली. पुढच्या आठवड्यात सगळ्यावर चुना चढला.