जबाबदारी जन्मापासून, हक्क नोंदीपासून

काही दिवसांपूर्वी एका परिचिताने मला विचारले की, ज्या स्त्रीबरोबर तो काही वर्षे लग्नाशिवाय राहिला, तिच्यापासून झालेल्या मुलीवर कायद्याने त्याचा काही हक्क आहे का. मी वकील नाही, पण या विषयावर गेली काही वर्षे मनापासून वाचत आलो आहे. त्याला मी पहिली गोष्ट ही सांगितली की कायदा बापाकडे पाहतो तेव्हा बहुतेक देशांत आधी जबाबदारी दिसते, आणि हक्काचा प्रश्न पुष्कळदा नंतर येतो.

पितृत्व सिद्ध झाले की पोटगी द्यावी लागते. त्यासाठी लग्न झालेले असण्याची गरज नसते. भारतात पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या अज्ञान म्हणजे अल्पवयीन मुलाला, ते औरस (विवाहातून झालेले) असो वा अनौरस (विवाहाबाहेर झालेले), बापाकडून निर्वाहखर्च मागता येतो. पालकत्वाचे मात्र तसे नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम ६ प्रमाणे अनौरस मुलाची नैसर्गिक पालक आधी आई असते आणि तिच्यानंतर बाप. इंग्लंडमध्ये तर १ डिसेंबर २००३ पर्यंत जन्मनोंदीत बापाचे नाव असले, तरी केवळ तेवढ्याने अविवाहित बापाला पालकत्वाचे अधिकार मिळत नसत. त्यासाठी आईशी रीतसर करार करावा लागे किंवा न्यायालयाचा आदेश आणावा लागे. त्या तारखेपासून आईसोबत जन्मनोंद करणाऱ्या बापाला ते आपोआप मिळू लागले. पोटगीचे दायित्व त्याआधीही त्याच्यावर होतेच.

इथे 'अनौरस' या शब्दाविषयी बोलल्यावाचून मला राहवत नाही. 'औरस' हा शब्द 'उरस्' म्हणजे छाती यावरून आला आहे. औरस म्हणजे स्वतःच्या देहापासून झालेले. मग ज्या बापाच्या रक्तामांसाचे मूल आहे, त्याच बापाच्या संदर्भात त्या मुलाला अनौरस म्हणणे शब्दशः चूक आहे, आणि लग्न न करण्याचा निर्णय मोठ्यांचा असताना त्याचे नाव मुलाला चिकटवणे मला अन्यायाचे वाटते. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने तर पितृत्वाचा शोध घेण्यासच मनाई केली होती, आणि ती काही अटींवर शिथिल व्हायला १९१२ साल उजाडावे लागले. नॉर्वेने मात्र १९१५ मध्येच विवाहबाह्य मुलांना बापाचे नाव आणि वारसा दिला.

बापाच्या बाजूने पाहिले, तर अमेरिकेतल्या 'स्टॅन्ली विरुद्ध इलिनॉय' या १९७२ च्या खटल्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. जोन आणि पीटर स्टॅन्ली हे अठरा वर्षे अधूनमधून एकत्र राहिले होते आणि त्यांना तीन मुले होती. जोनचे निधन झाल्यावर, पीटर बाप म्हणून अयोग्य आहे की नाही हे न तपासताच, केवळ तो अविवाहित होता म्हणून राज्याने मुले ताब्यात घेतली. बापाची बाजू ऐकल्याशिवाय असे करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये 'झाउनेगर विरुद्ध जर्मनी' या खटल्यात असाच दोष दाखवला, कारण तिथे आईची संमती नसेल तर अविवाहित बापाला संयुक्त पालकत्वासाठी न्यायालयाकडून मुलाचे हित तपासून निर्णयही मागता येत नव्हता. जर्मनीने २०१३ मध्ये तो कायदा बदलला.

तरीही जन्म दिला म्हणून सर्व हक्क आपोआप मिळावेत, असे मला वाटत नाही. आई नऊ महिने मूल पोटात वाढवते, आणि पुष्कळदा त्यानंतरही एकटीच सांभाळते. अशा वेळी कधी न फिरकलेल्या माणसाच्या सहीवाचून तिचे काम अडू नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका अविवाहित आईच्या पालकत्व अर्जावर, मुलाशी संबंध न ठेवणाऱ्या बापाला नोटीस पाठवण्याची सक्ती करता येणार नाही, असे म्हटले, ते मला पटते. अमेरिकेतही १९८३ च्या 'लेहर' खटल्यात, रक्ताचे नाते बापाला फक्त एक संधी देते आणि ती त्याने स्वतः पुढे होऊन घ्यायची असते, या विचाराने निकाल लागला. त्या बापाचे नाव राज्याच्या पितृत्व नोंदवहीत नव्हते, आणि त्याला सूचना न देता झालेले मुलीचे दत्तकविधान कायम राहिले.

म्हणून परिचिताला मी सांगितले की, जन्मनोंदीत नाव आहे का ते आधी बघ, नसेल तर आईच्या संमतीने पितृत्वाची लेखी कबुली देता येईल का हे वकिलाला विचार, आणि वाद झालाच तर डीएनए चाचणीला तयार राहा. मुलीसाठी दिलेले पैसे बँकेतून दे, म्हणजे त्यांची नोंद राहील. भेटू देत नाहीत म्हणून पोटगी थांबवायची नाही, हे मी त्याला दोनदा बजावले, कारण भेटीचा हक्क आणि मुलीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खर्चाचा पैसा मुळात तिचा आहे. त्याने विचारले, "आणि तिने मला ओळखलेच नाही तर?" मुलगी अडीच वर्षांची आहे, आणि गेले वर्षभर तो तिला भेटलेला नाही. मी त्याला त्याच आठवड्यात वकिलाची वेळ घ्यायला सांगितले.